फिलेमोनाच्या घरात वाचलेले पत्र

तीताला लिहिलेले पत्र संपते, इब्री लोकांस लिहिलेले सुरू होते, आणि या दोघांच्या मध्ये एक पान असते. बायबल चाळताना ते बोटांना लागतही नाही. पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र ते हेच. वचने अवघी २५. मूळ ग्रीकमधले शब्द मोजले तर साडेतीनशेच्या आत. मोठ्याने वाचायला घेतले तर चहा गार व्हायच्या आत संपते. त्यात पुनरुत्थानाचे विवेचन नाही, नियमशास्त्राचा वाद नाही, शेवटच्या काळाची चाहूल नाही. एका घरातला गुलाम, त्याचा धनी, आणि दोघांमध्ये पडून तुरुंगातून मध्यस्थी करणारा एक म्हातारा, एवढाच ऐवज. असले घरगुती पत्र पवित्र शास्त्रात कशाला, हा प्रश्न चौथ्या शतकातही विचारला जात होता. योहान क्रिसोस्तम आणि जेरोम या दोघांनाही आपापल्या विवेचनात त्या आक्षेपाला उत्तर द्यावे लागले.

आरंभीच्या ख्रिस्ती पत्रांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला मी आधी या पानाशी घेऊन जातो. रोमकरांस पत्र थोर आहे यात शंका नाही. पण नवखा माणूस त्यात शिरला की तिसऱ्या-चौथ्या अध्यायात वाट चुकतो आणि मग आयुष्यभर दुसऱ्याच्या टिपांवर चालतो. फिलेमोनाचे पत्र तळहातावर मावते. ते आपण स्वतः, शब्द न् शब्द, सगळे पाहू शकतो. पत्र नावाची गोष्ट मुळात काय असते, ती कोण लिहितो, कोण नेतो, कुणासमोर वाचली जाते, हे सारे इथे उघड्यावर दिसते. आणि ज्याला हे एक पत्र नीट वाचता आले त्याला करिंथकरांस लिहिलेली दोन पत्रेही पुढे वेगळी दिसू लागतात.

अभ्यासाने श्रद्धा पातळ होते, अशी भीती आपल्या मंडळ्यांमधून अजून ऐकू येते. घरी उपासनेला बसणाऱ्या साध्या माणसांच्या तोंडून मी ती ऐकली आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. ज्या वचनाने आईच्या आजारपणात आधार दिला, त्याच वचनाची कुणी चिरफाड करू लागला तर जीव कळवळणारच. मला एवढेच सांगायचे आहे की आपल्या माणसाचे पत्र आपण एकदा वाचून ठेवून देत नाही. पुन्हा उघडतो, अक्षर न्याहाळतो, हा शब्द त्याने का घातला असेल आणि तो का टाळला असेल, याचा विचार करतो. त्यात संशय नसतो, ओढ असते. पौलाच्या पत्राला तेवढीच ओढ द्यावी, एवढेच अभ्यासाचे मागणे आहे.

एक जागा जवळून पाहू. पत्र अर्ध्यावर येत आले तरी ज्याच्यासाठी ते लिहिले त्याचे नाव येत नाही. आधी फिलेमोनाच्या प्रीतीची वाखाणणी होते. मग पौल म्हणतो की मला आज्ञा करण्याचा अधिकार आहे, तरी मी विनवणी करतो. मग आपल्या म्हातारपणाची आणि बेड्यांची आठवण देतो. दहाव्या वचनात तो आपल्या लेकराविषयी बोलू लागतो, तुरुंगात जन्म दिलेल्या लेकराविषयी, आणि ग्रीक वाक्याच्या अगदी शेवटच्या शब्दावर ते नाव पडते: अनेसिम. ऐकणाऱ्या घराचा श्वास तिथे अडकला असेल. इंग्रजी भाषांतरांत हे नाव बरेचदा वाक्याच्या मधेच येऊन जाते. मराठीला मात्र हा क्रम अवघड नाही. ज्याला मी बेड्यांत असताना जन्म दिला तो माझा मुलगा, अनेसिम, असे आपण सहज म्हणू शकतो. आपली भाषाच 'जो'ला आधी आणते आणि नाव मागे ठेवते. मराठी वाचकाला हा अभ्यास परका वाटू नये, याचे हे पहिले कारण.

अनेसिम या नावाचा अर्थ उपयोगी, कामाचा. रोमी जगात गुलामांची अशी नावे सर्रास ठेवत. पुढच्याच वचनात पौल त्यावर शब्दांचा खेळ करतो: जो पूर्वी तुला निरुपयोगी होता तो आता तुला आणि मलाही उपयोगी झाला आहे. मुळातले शब्द आहेत 'आख्रेस्तोस' आणि 'युख्रेस्तोस', आणि त्या काळच्या उच्चारात 'ख्रेस्तोस' व 'ख्रिस्तोस' हे कानाला जवळजवळ एकच लागत. म्हणजे जो ख्रिस्ताविना होता तो आता ख्रिस्ताचा झाला, असाही एक नाद त्यात ऐकू येतो. पौलाला तो अभिप्रेत होता का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला वाटते की ज्याने नावाशी इतक्या मायेने खेळ केला त्याच्या कानाने हा नाद गमावला नसावा.

आणखी एक शब्द. या २५ वचनांत 'स्प्लांख्ना' तीनदा येतो. त्याचा सरळ अर्थ आतडी. ग्रीक माणसाची माया आतड्यांत राहते. आजच्या इंग्रजीत तिचे हृदय करावे लागले आणि आपल्याकडेही बहुधा अंतःकरण, हृदय असेच शब्द योजले गेले. पण मराठी माणसाला आतड्याची माया समजावून सांगावी लागत नाही. आपले आतडे तुटते, आतडे पिळवटते, जवळची माणसे आतड्याची असतात. बाराव्या वचनात पौल म्हणतो की मी अनेसिमाला परत पाठवतो आहे, म्हणजे माझी आतडीच पाठवतो आहे. दोन वचने आधी तो त्याला आपले लेकरू म्हणाला आहे. दोन्ही एकत्र ठेवली की मराठीत आपसूक येते ते 'माझा पोटचा गोळा'. सातव्या वचनात तो सांगतो की फिलेमोनामुळे पवित्र जनांच्या आतड्यांना विसावा मिळाला. विसाव्या वचनात तो मागतो की आता माझ्याही आतड्यांना विसावा दे. आधी स्तुती, मग स्वतःला गुलामाशी बांधून घेणे, मग त्याच शब्दात मागणे, असे ते तीन टाके आहेत.

काही ठिकाणी मात्र आपली भाषा आपल्याला चकवते, आणि अभ्यासाची खरी गरज तिथेच पडते. यापुढे दास नव्हे, तर प्रिय भाऊ, असे सांगणाऱ्या सोळाव्या वचनातला मूळ शब्द 'दुलोस'. आपल्या बायबलमध्ये तो 'दास' होऊन येतो. मराठी कानाला दास हा शब्द भक्तीचा वाटतो. संतांनी तो मिरवला, समर्थांच्या नावात तो आहे, देवाचा दास म्हणवून घेण्यात आपल्याला धन्यता वाटते. फिलेमोन जिथला मानला जातो त्या कलस्सैच्या रस्त्यावर मात्र 'दुलोस' म्हणजे विकत घेता येणारा, फटके मारता येणारा, स्वतःच्या लेकरांवरही हक्क नसलेला माणूस. म्हणून वाचताना दासच्या शेजारी गुलाम हा शब्द पेन्सिलीने लिहून ठेवावा, असे मी सुचवतो. रोमकरांस आणि फिलिप्पैकरांस लिहिताना पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो. इथे नाही. इथे तो फक्त बंदिवान आहे. खऱ्या गुलामाविषयी लिहिताना तो शब्द स्वतःसाठी भूषण म्हणून वापरायला त्याचे मन धजले नसावे.

मराठीत हे पत्र छापील रूपात आले त्याला दोन शतके उलटून गेली. विल्यम केरी यांनी सेरामपूरहून काढलेला मराठी नवा करार १८११ सालचा. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून पुरे झाले. टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या, दुष्काळातून वाचवलेल्या बायका-मुलींनी भरलेल्या त्या आश्रमात गुलामाच्या परत येण्याचे हे पान मराठीत उतरत होते. एखाद्याने या दोन भाषांतरांपासून आजच्या आवृत्त्यांपर्यंत नुसत्या या २५ वचनांची तुलना केली तरी मराठी ख्रिस्ती भाषेचा एक चांगला अभ्यास उभा राहील.

पत्राच्या मागचे जग समजून घेतल्याशिवाय त्याची धार कळत नाही. अनेसिम नेमका कोण आणि तो पौलाकडे कसा पोचला? परंपरेने सांगितलेली गोष्ट अशी की तो चोरी करून पळाला आणि योगायोगाने पौलाला भेटला. पत्रात मात्र पळाला हा शब्द नाही. पंधराव्या वचनात क्रियापद कर्मणी आहे: तो काही काळ दूर केला गेला. क्रिसोस्तमाने हे सोळाशे वर्षांपूर्वी हेरले होते आणि त्यात त्याला देवाचा हात दिसला. १९८५ साली जर्मन अभ्यासक पेटर लांपे यांनी रोमी कायद्याच्या आधाराने वेगळी शक्यता मांडली. धन्याशी बिनसलेला गुलाम मध्यस्थीसाठी धन्याच्या मित्राकडे गेला, तर रोमी कायदेपंडितांच्या मते तो फरारी ठरत नसे. अनेसिम तसाच मुद्दाम पौलाकडे गेला असावा, असे लांपे म्हणतात. अमेरिकन अभ्यासक अॅलन कॅलहन यांनी तर १९९३ साली असे सुचवले की तो गुलाम नव्हताच, फिलेमोनाचा सख्खा भाऊ होता. हे शेवटचे मत मला पटत नाही, पण ते ज्या सोळाव्या वचनावरून निघाले ते वचन पुन्हा उघडायला त्याने मला भाग पाडले, हे मी मान्य करतो.

शेजारी ठेवून वाचण्यासारखे एक पत्र रोमी साहित्यात आहे. पौलानंतर अर्ध्या शतकाने धाकट्या प्लिनीने साबिनियानुस नावाच्या मित्राला लिहिलेले. त्याचा मुक्त केलेला एक गुलाम प्लिनीकडे रडत आला होता. प्लिनी लिहितो की तू रागावला आहेस, तुझा राग रास्तही आहे, पण त्याचे तारुण्य पाहा, त्याचे अश्रू पाहा, आता माफ कर. पत्र सुरेख आहे, माणुसकीचे आहे. मग पौलाकडे परत या. इथे अश्रू नाहीत, पश्चात्तापाची कबुली नाही, तारुण्याची सबब नाही. पौल दया मागत नाही, तो नाते बदलायला सांगतो: याला माझ्यासारखा समजून घरात घे.

आणि इथे पौल व्यापाऱ्याची भाषा बोलू लागतो. सतराव्या वचनातला 'कोयनोनोस' म्हणजे भागीदार. अठराव्यातले क्रियापद हिशेबाच्या वहीतले आहे: त्याच्याकडे काही येणे असेल तर ते माझ्या नावे टाक. जमा आणि नावे या दोन रकान्यांत वाढलेल्या मराठी घराला हे वाक्य जितके थेट लागते तितके क्वचितच कुणाला लागत असेल. एकोणिसाव्यात तो लेखनिकाच्या हातातून बोरू घेतो आणि आपल्या हाताने लिहितो की मी फेडीन. त्यातले क्रियापद त्या काळच्या कर्जाच्या कागदांत आढळते. म्हणजे ती रीतसर हातचिठ्ठी झाली. बेड्या घातलेला, हाताशी दमडी नसलेला माणूस दुसऱ्याच्या कर्जाची हातचिठ्ठी लिहून देतो आहे. ख्रिस्ताने आपले देणे कसे आपल्या अंगावर घेतले, हे मला ज्या दिवशी या चिठ्ठीतून कळले त्या दिवसापासून प्रायश्चित्ताविषयीची जाड पुस्तके मला अधिक नीट कळू लागली. वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक वाचकांसाठी एक सूचना: दर तीन वर्षांनी एका रविवारी मिस्सात हे पत्र वाचले जाते, पण त्या वाचनात ९, १० आणि १२ ते १७ एवढीच वचने आहेत. उपयोगी-निरुपयोगीचा खेळ आणि ही हातचिठ्ठी दोन्ही त्याबाहेर राहतात. पूर्ण पत्र घरीच उघडावे लागते.

आता अवघड भाग. पौलाने अनेसिमाला मुक्त कर असे स्पष्ट का लिहिले नाही? मी सांगतो त्याहून अधिक तू करशील, असे तो एकविसाव्या वचनात म्हणतो. ते अधिक म्हणजे मुक्ती, असे अनेक अभ्यासक धरतात आणि माझाही कल तिकडेच आहे. पण ते शब्दांत नाही, आणि त्या रिकाम्या जागेचा माणसांनी काय काय उपयोग केला हे विश्वासूंनी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. रोमच्या एका संग्रहालयात गुलामाच्या गळ्यातली एक गळपट्टी आहे, चौथ्या-पाचव्या शतकातली. तिच्यावर कोरले आहे की मी पळालो आहे, मला धरा, मला धनी झोनिनुसकडे परत नेले तर एक सोन्याचे नाणे मिळेल. अशा गळपट्ट्या चाळीसहून अधिक सापडल्या आहेत. त्यांतल्या कित्येकांवर ख्रिस्ताच्या नावाची खूण आहे, आणि सार्डिनियात सापडलेल्या एका पट्टीवर धन्याची पदवी आर्चडीकन अशी आहे. हे पत्र पवित्र मानणाऱ्या मंडळीतलीच ही माणसे.

पुढे अमेरिकेत गुलामीचे समर्थन करणाऱ्यांनी हेच पत्र पुढे केले. पौलाने पळालेल्याला परत पाठवले, तेव्हा आपणही पाठवावे, असे ते म्हणत. १८३३ च्या सुमारास जॉर्जियात चार्ल्स कॉलकॉक जोन्स हा पाळक गुलामांच्या मोठ्या सभेपुढे याच पत्रावर बोलला आणि पळून जाणे पाप आहे असे त्याने सांगितले. निम्मी सभा उठून चालती झाली. जे उरले त्यांनीही नाराजी लपवली नाही. असले पत्र बायबलमध्ये नाहीच, असे काहींनी त्याला तोंडावर सांगितले. हे स्वतः जोन्सनेच लिहून ठेवले आहे. त्या उठून गेलेल्या माणसांना मी या पत्राचे जाणते वाचक मानतो. शास्त्र कुणाच्या तोंडून आणि कुणाच्या फायद्यासाठी वाचले जाते आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. तो ग्रंथ ज्यांनी वाचला आहे त्यांना फिलेमोनाचे पत्र निवांतपणे वाचता येणार नाही, आणि तसे वाचूही नये.

एका घरच्या अभ्यासवर्गात आम्ही हे पत्र तीन आठवडे वाचले. चार घरची धुणीभांडी करून येणाऱ्या एक बाई दोन आठवडे गप्प होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारले, "अनेसिमला कुणी विचारलं का हो, तुला परत जायचंय का म्हणून?" मी बरीच पुस्तके वाचून वर्गाला गेलो होतो. तो प्रश्न मला त्यांच्याइतका सरळ कधी विचारता आला नव्हता. अनेसिमाचा एकही शब्द आपल्याकडे नाही. पौल बोलतो, फिलेमोनाने काय करावे हे सांगितले जाते, आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो मधे गप्प उभा आहे. त्या बाईंच्या प्रश्नानंतर मी या पत्रावर जे काही लिहिले त्यात तो प्रश्न घेऊनच लिहिले. वाचकानेही तो सोबत ठेवावा.

पत्र एकट्याला लिहिलेले दिसते, पण तसे नाही. मायन्यात फिलेमोनासोबत अप्फिया आहे, अर्खिप्प आहे आणि फिलेमोनाच्या घरात जमणारी मंडळी आहे. मग चौथ्या वचनापासून सारे तू, तुला, तुझा असे एकवचनी होते, आणि शेवटी पुन्हा अनेकवचन येते. हा फरक इंग्रजीत पुसला जातो, मराठीत टिकतो. म्हणजे सगळे घर बसलेले आहे, तीमथ्य, एपफ्रास, मार्क, लूक यांची नावे त्यांच्या कानी पडणार आहेत, आणि त्या सगळ्यांसमक्ष एकाच माणसाला तू म्हणून विचारले जाते आहे. घरातले इतर गुलामही त्या उपासनेत असणार. त्यांनी सोळावे वचन ऐकताना कुणाकडे पाहिले असेल?

फिलेमोनाने काय केले हे आपल्याला कळत नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नाती इफिसकरांस लिहितो तेव्हा तिथल्या बिशपचे नाव अनेसिम असे येते. तो हाच, आणि पौलाची पत्रे गोळा करण्यात त्याचाच हात होता, असा तर्क अभ्यासक जॉन नॉक्स यांनी १९३५ साली मांडला. मोहक तर्क आहे, पण नाव फार सामान्य होते, तेव्हा मी त्यावर भार टाकत नाही. पत्र जपले गेले, एवढे खरे. ज्याने ते वाचून फाडून टाकले असते त्याच्या घरातून ते आपल्यापर्यंत आले नसते. आज जर्मनीत कोलोन इथे पपायरसचा एक कपटा आहे, सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा, या पत्राची आपल्या हाती असलेली सर्वात जुनी खूण. त्याच्या एका बाजूला १३ ते १५ वचनांतले तुकडे शिल्लक आहेत, म्हणजे मला त्याला जवळ ठेवायचे होते, पण तुझ्या संमतीवाचून नाही, इथपासून तो काही काळ दूर केला गेला, इथपर्यंत.

वाचायला सुरुवात करताना एवढे करा. पहिल्या दिवशी कोणतीही टीका उघडू नका. घरातल्या माणसांना बसवा आणि पत्र एकदा अखंड, मोठ्याने वाचा. शक्य असेल तर वाचणारा उभा असावा आणि त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी, काही न बोलता, उभे असावे. दुसऱ्या दिवशी ते हाताने उतरवून काढा. एकोणिसाव्या वचनाशी आलात की लेखणी बदला. मग टीका उघडा, तिथे व्याकरण आहे, कायदा आहे, लायकस नदीच्या खोऱ्यातले कलस्सै हे छोटे शहर आहे, मतमतांतरे आहेत.

बाविसावे वचन मात्र घाईत ओलांडू नका. इतके सगळे मागून झाल्यावर पौल सहज सांगितल्यासारखे लिहितो की माझ्यासाठी उतरायची सोय करून ठेव, तुमच्या प्रार्थनांनी माझी सुटका होईल आणि मी येईन, अशी मला आशा आहे. म्हणजे तो येऊन पाहणार आहे. पत्र वाचून झाले तेव्हा त्या घरात पाहुण्याची खोली झाडायची होती, अंथरूण घालायचे होते, पाणी भरून ठेवायचे होते. ही कामे त्या घरात इतके दिवस कुणाकडे होती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.